निळ्या खुणेच्या मेंढ्या

नोर्जमाताईंच्या घरातून दह्याची वडी न खाता मी परतलो, असं आयुष्यात एकदाच झालं, आणि तेही पांढऱ्या महिन्याच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या सणाला. ताटात तळलेल्या पोळ्यांची उतरंड होती, मटण होतं, वोडका होती. पण उतरंडीच्या माथ्यावर उन्हात वाळवलेलं पांढरं दही हवं, तिथे साखरेचे चार खडे ठेवलेले. पाहुणे एकमेकांना डोळ्यांनी खुणावत होते. ताईंचा नवरा गोंबोजाव मान खाली घालून तपकीर ओढत होता.

मी निघालो तसा तो माझ्यामागोमाग गेराबाहेर, त्यांच्या नमद्याच्या गोल तंबूबाहेर आला.

"अरे चुलून, उन्हाळाभर या बाईनं गेराच्या छपरावर वड्या वाळत घातल्या. छप्पर दिसत नव्हतं. आता विचारलं तर म्हणते, संपल्या. कुणी खाल्ल्या? छपरानं?"

"उंदीर असतील, दादा."

"एवढा मोठा उंदीर असता तर मी त्याच्यावर खोगीर घातलं असतं."

मी हसलो. तो हसला नाही. सणाच्या दिवशी घरात पांढरं नाही ही गोष्ट आमच्याकडे वर्षभर चघळली जाते, आणि पुढे ती चघळली गेलीच.

या बाईबद्दल आधी एक सांगायला हवं. जेवण वाढताना तिचा हात कधी वाकडा पडला नाही. घरात पाच माणसं आणि मटणाचे चार तुकडे असले तर ती सुरी घेऊन बसायची आणि चाराचे पाच करायची. एका कोकराला जवळ घेतलं की बाकीच्यांच्याही पाठीवरून हात फिरायचा. शेजारणी म्हणायच्या, नोर्जमाच्या एकटीच्या कुरणावर पाऊस पडला तर ती बादलीत भरून आमच्याकडे वाटायला येईल. थट्टाच होती, पण गरज पडली की त्याच शेजारणी पहिल्यांदा तिच्याकडे जायच्या.

त्या सणाच्या आधी लागोपाठ दोन हिवाळे झुद आला, म्हणजे बर्फ असा गोठला की जनावरांनी जगायचं कसं हा प्रश्न. ताईंच्या अर्ध्या मेंढ्या गेल्या. मी पशुसंशोधन केंद्राचा ड्रायव्हर, त्यामुळे मला डॉक्टरकीतलं अर्धं कळतं असा त्यांचा समज. मला धरून म्हणाल्या, "कातडी काढताना बघितलं मी. पोटं गवतानं गच्च भरलेली होती रे. मग उपाशी मेल्यासारखी हाडं का निघाली?"

मला कुठलं माहीत? मी केंद्रात जाऊन बाद्रालला विचारलं. बाद्राल म्हणजे आमचा तरुण संशोधक. जनावरं काय खातात आणि त्यातलं अंगी किती लागतं, एवढ्या एकाच गोष्टीपायी त्याची झोप उडालेली. तो दुसऱ्या दिवशी माझ्याच ट्रकमध्ये बसून ताईंकडे आला.

"मेंढीच्या पहिल्या पोटात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात, ताई," तो म्हणाला. "गवत खरं ते पचवतात आणि मेंढी त्यांच्या जिवावर जगते. हिवाळ्यातलं वाळकं गवत इतकं निःसत्त्व असतं की ते जीवच मरायला लागतात. मग गवत पोटात नुसतं पडून राहतं."

ताई म्हणाल्या, "म्हणजे पोटात पाहुणे बसलेत. आधी त्यांना वाढायचं, मग घरच्यांना."

"अगदी तसंच. रोज मूठभर वाटाण्याचा भरडा दिला तर ते जगतील असं मला वाटतं. पण मला नुसतं वाटून कोण ऐकतंय? दाखवून द्यावं लागेल. दाखवलं तर प्रांताकडून सगळ्या धनगरांना हिवाळ्यासाठी भरडा मिळेल."

त्यासाठी पुढच्या हिवाळ्याला ताईंनी आपल्या मेंढ्या दिल्या. दोन गट केले, बारा बाराचे. लाल खुणेच्या मेंढ्यांना रोज संध्याकाळी भरडा, निळ्या खुणेच्यांना काही नाही. दिवसा सगळ्या एकत्र चरायच्या. पोटात काय पचलं ते मोजायला मागून पडणारं सगळं गोळा करायचं होतं, म्हणून ताईंनी जुन्या तंबूच्या कापडाच्या पिशव्या शिवून मेंढ्यांच्या मागे पट्ट्यांनी बांधल्या. माळावरचे लोक घोडे थांबवून बघायचे.

"काय गं नोर्जमा, मेंढ्यांना चड्ड्या? शाळेत घालतेस की काय?"

"हो, तुझ्या पोरापेक्षा लवकर वाचायला शिकतील," ताई म्हणायच्या.

पण निळ्यांचं त्यांना लागलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बाद्रालला विचारलं, "यांनी काय पाप केलं?"

"काही नाही, ताई. दोन्हींना दिलं तर फरक कळणार कसा?"

ताई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या म्हणजे पटलं असं आम्ही दोघांनी धरलं. आम्ही गाढव होतो, कारण ती बाई पटलं की बोलते आणि पटलं नाही की गप्प बसते, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं.

वसंताच्या तोंडाशी शेवटचं वजन झालं. मी काटा धरला, बाद्राल आकडे सांगत होता. निळ्या खुणेची एकही मेंढी मेली नव्हती. वजनं लाल खुणेच्यांइतकीच भरली. वाळवलेल्या लेंड्यांचा हिशेबही तसाच, दोन्ही गटांचं पचन सारखं. बाद्रालनं काटा दोनदा तपासला, मग माझं वजन करून बघितलं. काटा बरोबर होता, माझंच वजन वाढलं होतं.

ताई मात्र खुशीत होत्या. "सगळ्या जगल्या बघ. एकही गेली नाही."

"हो, ताई." बाद्राल गेराच्या दाराशी टेकून बसला. त्याचा चेहरा उतरला होता. "बरंच झालं. मी आता लिहून देतो की भरड्यानं काही फरक पडत नाही."

"मग?"

"मग काय? भरडा येणार नाही."

"आम्हाला?"

"कुणालाच. उगाच खर्च कोण करेल?"

ताई चहा ओतत होत्या. खारट दुधाळ चहा वाटीच्या काठावरून सांडला तरी त्यांचा हात थांबला नाही. मग त्यांनी किटली खाली ठेवली.

"लिहू नकोस," त्या म्हणाल्या. "निळ्यांना मी खायला घालत होते."

गोंबोजावनं तपकिरीच्या बाटलीला झाकण लावलं.

दिवसा मेंढ्या टेकडीआड गेल्या की ताई झग्याच्या घोळातून वाळक्या दह्याच्या वड्या काढून, दगडानं कुटून, निळ्यांना ओंजळीतून चारायच्या. रोज. घरच्या वड्या, पाहुण्यांच्या वड्या, सणाच्या वड्या. भरड्याच्या पोत्याला त्यांनी हात लावला नव्हता, कारण ते पोतं लालांचं होतं. बाद्रालच्या 'पाहुण्यांना' भरड्याइतकंच दहीही मानवलं होतं.

"म्हणजे मी सणाला चारचौघांत तोंड लपवलं ते मेंढ्यांपायी?" गोंबोजाव म्हणाला.

"त्या मुक्या जिवांनी तरी तोंड कुठे घालायचं?" ताई म्हणाल्या.

बाद्राल रागावेल असं मला वाटलं होतं. मी त्याच्या जागी असतो तर रागावलोच असतो. एक अख्खा हिवाळा, थंडीत बोटं फुटेपर्यंत गोळा केलेल्या लेंड्या, सगळं मातीत गेलं होतं. पण तो हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "ताई, तुमच्या दयेनं बारा वाचल्या. आता हजारोंचं काय करायचं?"

"पुन्हा कर."

"पुन्हा केलं तर निळ्यांना खरंच काही द्यायचं नाही. मरतीलही. अशा मेंढ्या मला कोण देणार?"

"आमच्याच घे," ताई म्हणाल्या.

पुढच्या थंडीच्या सुरुवातीला गट पाडायला मेंढीच्या घोट्याची हाडं फाशांसारखी फेकली; आमच्याकडे त्यांच्या बाजूंना जनावरांची नावं असतात. घोडा पडला तर लाल, मेंढी पडली तर निळी. भुरकी नावाची एक मेंढी होती. झुदमध्ये तिची आई गेल्यावर ताईंनी तिला बाटलीवर वाढवलं होतं. ती माणसासारखी गेरात शिरून चुलीजवळ बसायची. तिच्यासाठी हाड फेकलं आणि मेंढी पडली.

"हे उलटं पडलंय, परत फेक," गोंबोजाव म्हणाला.

ताईंनी निळ्या रंगाचा डबा उचलला आणि स्वतः भुरकीच्या पाठीवर खूण केली.

त्या हिवाळ्यात ताई संध्याकाळी लाल मेंढ्यांना भरडा घालायच्या तेव्हा भुरकी कुंपणाच्या या बाजूला उभी राहून त्यांच्या झग्यात तोंड खुपसायची. ताई तिला ढकलत नसत. रिकामे हात खाली सोडून तशाच उभ्या राहायच्या, तिचं हुंगून होईपर्यंत. मला ते बघवत नसे. मी ट्रकचं बॉनेट उघडून उगाच इंजिनात डोकं घालायचो.

भुरकीच्या बरगड्या दिसायला लागल्या. बाद्रालनं एके दिवशी पेन्सिल खाली ठेवली. "ताई, हिला गटातून काढतो. एकीनं काही बिघडत नाही. मी तसं लिहीन."

"बाकीच्या अकरा कुणाच्या आहेत?" ताईंनी विचारलं.

बाद्रालनं पेन्सिल पुन्हा उचलली.

वसंतातल्या पहिल्या धुळीच्या वादळात भुरकी गेली. तिच्याआधी निळ्या खुणेच्या आणखी चार गेल्या होत्या. लाल सगळ्या उभ्या होत्या. बाद्रालनं तिचं पोट उघडलं. आत वाळकं गवत तसंच होतं, काडी न् काडी ओळखू येत होती. ताईंनी मूठभर बाहेर काढून बाद्रालपुढे धरलं.

"एवढं खाल्लं होतं हिनं," त्या म्हणाल्या. "हे लिही."

बाद्रालनं लिहिलं. त्या लिहिण्याला कोण कुठे किती दिवस लोळवत होतं ते मला ठाऊक नाही, पण शरद संपता संपता भरडा आला. मी पोती घेऊन माळभर फिरलो. एकेका गेरापुढे ट्रक थांबवायचा, पोती उतरवायची, चहा प्यायचा आणि पुढे निघायचं. नोर्जमाताईंचं गेर वाटेवर शेवटचं होतं.

त्या बाहेर आल्या. स्वतःच्या पोत्यांकडे त्यांनी बघितलंही नाही.

"खाऱ्या तळ्यापलीकडच्या म्हातारीला दिलंस?"

"दिलं."

"आणि ते नवरा-बायको भांडतात त्यांना?"

"दोघांनाही. वेगवेगळी पोती मागत होते."

"कुणाला वगळलं नाहीस ना, चुलून? कुणीच राहिलं नाही ना?"

"नाही, ताई. कुणीच नाही."

त्यांनी मान हलवली. मग पोत्यावर बसल्या, झग्याची बाही तोंडावर धरली आणि भुरकीचं नाव घेऊन रडायला लागल्या. मी ट्रकचं इंजिन बंद केलं आणि त्यांच्याजवळ बसून राहिलो.