खंडेनवमीला ब्रेकचं तेल

आमची मोटार जुनी, दुसऱ्याने वापरून विकलेली. तिचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालत. त्या वर्षी ब्रेक दाबला की पाय सैल कणकेत गेल्यासारखा खाली जाई. मी श्रावणापासून सांगत होते, तेल बदला. ह्यांचं उत्तर ठरलेलं: "बघू." दरबारी कचेरीत फायली पुढे ढकलणारा माणूस घरात वेगळं काय करणार?

मुहूर्त लागला तो खंडेनवमीला. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मुलीला डभोईहून बाळंतपणासाठी आणायचं होतं. तिला सातवा लागला होता. पाणीगेटच्या गुजराती मिस्त्रीकडे गेलो, तर त्याची सगळी हत्यारं पाटावर, हळदकुंकू वाहून झेंडूखाली झाकलेली.

"बहेन, आजे पानाने हाथ न लगाडाय," मिस्त्री म्हणाला. पूजेतल्या पान्याला आज हात लावायचा नाही.

"उद्या गाडी काढायची आहे."

"तो धीमे हांकजो."

"बघ, तोही हळूच चालवा म्हणतो," हे लगेच म्हणाले.

मी मिस्त्रीकडून ब्रेकच्या तेलाचा बंद डबा घेतला. विकायला त्याची हरकत नव्हती.

घरी आमचाही पाना सासऱ्यांच्या तलवारीशेजारी पूजेत होता. मी तो उचलला.

"अगं, पूजा झालीय!"

"देवी रागावली तर माझ्यावर रागावेल. पोरीला ह्या गाडीत बसवायचंय."

ब्रेकच्या टाकीचं झाकण काढलं. आत काढ्यासारखं काळं पाणी.

"हे गेल्या वर्षी बदललं होतं ना?"

"बदललं की. निघालेलं तेल फेकायचं कशाला? पंच्यातून गाळून परत घातलं."

मी रबरी नळी आणि रिकामी बरणी आणायला आत गेले. तिथेच तोंड उघडलं असतं तर शेजार गोळा झाला असता.

जुनं तेल उपसून डब्यातलं नवं ओतलं, ह्यांना ब्रेकवर बसवलं, मी चाकापाशी. चाकामागचा हवा काढायचा स्क्रू सैल करून त्याची रबरी नळी बरणीत सोडली. "दाबा. धरून ठेवा. मी म्हणेपर्यंत सोडू नका." दोनदा ह्यांनी ब्रेक आधीच सोडला, हवा आत गेली, पुन्हा पहिल्यापासून. चारी चाकांतून बुडबुडे थांबून स्वच्छ तेल येईतो दुपार टळली. मग मैदानात नेऊन दहा वेळा गाडी थांबवून पाहिली, तेव्हा कुठे मी हो म्हटलं.

दसऱ्याला परतताना एक म्हैस आडवी आली. गाडी जागच्या जागी थांबली. मागच्या बाकावर झोपलेली मुलगी जागीसुद्धा झाली नाही.

"बघितलंस?" हे म्हणाले. "उगाच घाबरत होतीस. गाडीत काही बिघाड नव्हताच."