पेशंट नसलेलं हॉस्पिटल

माझ्या आत्याने आजवर कुणाला साधी गोळीसुद्धा दिलेली नाही. ताप आलेल्या माणसाला ती "उन्हात कशाला हुंदडला होतास?" एवढंच औषध देते. तरीही एका सकाळी ती हॉस्पिटलची मालकीण झाली, आणि तेही बेकायदेशीर हॉस्पिटलची.

तिच्या घराखाली एक गाळा आहे. पूर्वी तिथे आतोबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आतोबा अंथरुणाला खिळले तेव्हा आत्याने त्यांच्यासाठी लोखंडी खाट आणली. पायाशी दांडा फिरवला की डोक्याकडची बाजू वर होते, तसली. आतोबा गेले, खाट राहिली. अशी खाट घरात ठेवायला मन होत नाही आणि फेकून द्यायला हात धजत नाही. पलीकडच्या सुताराचा पाय मोडला तेव्हा आत्याने ती त्याच्याकडे पाठवली. सुतार चालायला लागला, खाट परत आली. त्यानंतर ज्याच्या घरातलं आजारपण संपेल, या ना त्या रीतीने, तो आपली खाट आत्याच्या गाळ्यात आणून टाकू लागला. भिंतीला टेकून उभ्या खाटा, कोपऱ्यात कुबड्या, चाकाच्या खुर्च्या. ज्याला गरज असेल त्याने न्यावं.

भाडं नाही, अनामत नाही. फक्त बोलणी खायची तयारी हवी. "खाट न्या, पण तिच्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग दिसला तर ढिगासकट उचलून आणीन." माझी ती सख्खी आत्या, पण हे ऐकून ऐकून सगळी गल्लीच तिची भाचरं झाली.

आता नियमाबद्दल. कुठल्याशा शहरात कुणीतरी तळघरात हॉस्पिटल थाटलं, तिथे आग लागली, माणसं होरपळली. सरकारने नियम काढला: एका छपराखाली पाचपेक्षा जास्त रुग्णखाटा असतील तर ती जागा रुग्णालय. नियम चांगलाच होता. त्याची आणि आत्याची ओळख नव्हती, एवढंच.

ती ओळख करून द्यायला तपासनीस आला. तरुण, घामाघूम, आणि बोलायला इतका गोड की भांडायची सोय नाही. त्याने गाळ्यात डोकावून खाटा मोजल्या.

"पेशंट कुठेत?"

"कुठले पेशंट?"

"या खाटांवरचे."

"खाटा उभ्या आहेत, दिसतंय ना? उभ्या खाटेवर पेशंट झोपणार कसा? खुंटीला टांगायचा?"

"म्हणजे सध्या कुणी ॲडमिट नाही." त्याने मान डोलावली. "ड्यूटीवर डॉक्टर कोण?"

"अरे बाबा, डॉक्टर कुणासाठी? खाटांना सर्दी झालीय?"

"मला पटतंय हो, आत्या," तो म्हणाला. पाच मिनिटांत तोही आत्या म्हणायला लागला होता. "पण नियमात खाटा मोजायला सांगितल्यात. माणसं मोजायला सांगितलेली नाहीत."

मग त्याने काय काय लागेल ते सांगितलं. तिन्ही पाळ्यांना नर्स. दुसरा जिना, गाळ्याला पहिलासुद्धा नव्हता. दाराशी तक्रारपेटी. येत्या सोमवारपर्यंत हे झालं नाही तर गाळ्याला सील.

जे फुकटात होतंय ते आधी उरकावं म्हणून आत्याने एका जुन्या डब्याला फट पाडून तक्रारपेटी टांगली. दुसऱ्याच दिवशी त्यात चिठ्ठी पडली: "मालकीण फार बोलते." अक्षर समोरच्या पोस्टमास्तरांचं. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं हाताळलेल्या माणसाला स्वतः एक लिहायची संधी मिळाली, ती त्यांनी सोडली नाही.

आत्या मला घेऊन कार्यालयात गेली. तिचं मागणं साधं होतं: हे हॉस्पिटल नाही, असं लिहून द्या. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हॉस्पिटल बंद केल्याचा दाखला मिळेल. पण त्याआधी ते सुरू असल्याची नोंद लागते."

"सुरूच नव्हतं."

"मग बंद कसं करणार?"

"म्हणजे मी आधी हॉस्पिटल काढू?"

"काढा ना. नियमाने काढा आणि नियमाने बंद करा. पुढचे या."

"लग्नच न झालेल्या बाईकडे घटस्फोटाचे कागद मागतात मेले," आत्या जिना उतरताना म्हणाली. तेही खिडकीत ऐकू जाईल अशा बेताने.

युक्ती काढली पोस्टमास्तरांनी. "छप्पर एक असलं तर हॉस्पिटल ना? मग छपरं वाढवा. घरोघरी एकेक खाट ठेवा, गरज लागली की परत घ्या. मी घेतो की एक. समाजकार्य आहे." आणि समाजकार्यासाठी त्यांनी नेमकी आतोबांची खाट निवडली. दांडा लोण्यासारखा फिरणारी.

रविवारी गल्लीभर खाटांची वरात निघाली. सोमवारी तपासनीस आला, रिकामा गाळा बघून मनापासून खूश झाला, आणि महिन्याने पुन्हा बघून जाईन म्हणाला. गल्लीने सरकारला हातोहात फसवलं म्हणून आम्ही महिनाभर छाती काढून हिंडलो. गल्लीला आपण किती ओळखतो, हे अजून कळायचं होतं.

बरोबर त्याच्या फेरीच्या दिवशी, सकाळी सकाळी इस्त्रीवाला धावत आला. त्याची म्हातारी आई पडली होती, कमरेचं ऑपरेशन झालं होतं, आणि दुपारी तिला घरी सोडणार होते. "आत्या, सपाट झोपवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाईल म्हणतात. डोकं वर होणारी खाट पाहिजे. घरी तर चटईच आहे."

"दुपारच्या आत खाट येते," आत्याने शब्द दिला आणि चपला घातल्या.

डोकं वर होणाऱ्या खाटा तीनच होत्या. पहिली शाळेतल्या बाईंच्या घरी. तिच्यावर त्यांचा मुलगा पसरलेला, तोंडावर पुस्तक.

"आत्या, महिनाभर थांबा ना. त्याचा अभ्यास आत्ता कुठे बसलाय."

"अभ्यास बसलाय आणि मुलगा झोपलाय."

"तसं नाही हो, त्याला सारखी चक्कर येते. आडवंच वाचावं लागतं."

दुसरी शिंप्याकडे. तिच्यावर कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले. "ही काय, उतरवतो की," शिंपी म्हणाला, पण जागचा हलला नाही. "फक्त तो दांडा पायात यायचा, म्हणून कापून टाकला."

आत्याने कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं. एरवी ती इथेच अर्धा तास बोलली असती. ती नुसतीच बाहेर पडली, आणि मला भीती वाटायला लागली.

पोस्टमास्तर आतोबांच्या खाटेवर, पाठ अर्धी वर करून, मॅच बघत होते. उशाशी चहा, पोटावर रिमोट. कुठल्याही आजारी माणसाने या खाटेचा एवढा उपभोग घेतला नसेल.

"पोस्टमास्तर, उठा. इस्त्रीवाल्याच्या आईला पाहिजे."

"आत्या, मला पाठ आहे."

"पाठ सगळ्यांनाच असते."

"माझी दुखते हो. या खाटेवर झोपायला लागलो तेव्हा कळलं, आधी किती दुखत होती." मग त्यांनी आवाजात थोडं पोस्ट ऑफिस आणलं. "आणि द्यायचीच म्हटलं, तर तुम्ही मागताय कुठल्या अधिकारात? तुमचं हॉस्पिटल तर बंद झालं."

महिन्याभरात खाटा घरोघरी पोचल्या होत्या आणि मागोमाग आजारही पोचले होते. जिच्या कमरेत खरोखरच स्क्रू बसवले होते, ती एक म्हातारी तेवढी चटईवर जाणार होती.

आत्या खुर्ची ओढून बसली. आवाज एकदम मऊ. "राहू दे मग. मी आपलं कानावर घालायला आले. साहेब आज येतोय, घरोघरी. नियम बदललाय म्हणे. आता घरात एक जरी खाट सापडली तरी ते घर हॉस्पिटल. दुसरा जिना बांधायचा, आणि नर्स ठेवायची. तिन्ही पाळ्यांना. तुमच्याकडे रात्रपाळीची कुठे झोपेल, तेवढं ठरवून ठेवा."

पोस्टमास्तर काही बोलायच्या आत आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "आत्ताच्या आत्ता उचला ती खाट!"

ही थाप होती. पण खऱ्या नियमाहून ती काही फार वेडगळ नव्हती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. आम्ही पोस्टमास्तरांची खाट उंबऱ्याबाहेर काढेपर्यंत बातमी गल्लीच्या टोकाला पोचली होती. घराघरांतून खाटा बाहेर पडू लागल्या. शाळेतल्या बाईंच्या मुलाची चक्कर थांबली. त्याने एकट्याने खाट उचलून आणली. शिंप्याचे तागे खिडकीतून बाहेर आले. सगळे खाट घेऊन गाळ्याकडे, आणि आत्या गाळ्याच्या दारात हात आडवे लावून उभी. "आत नको! आत गेल्या की मी हॉस्पिटल!"

तेव्हा खाटा रस्त्यातच राहिल्या. तेवढ्यात तपासनीस आला.

"आत्या, हे काय?"

"खाटा. मोजा."

त्याने सवयीने बोट वर केलं, मग मान वर करून आकाशाकडे बघितलं. "छप्पर नाही. म्हणजे हे माझ्याकडे येत नाही. रस्त्यावरच्या वस्तू अतिक्रमण खात्याकडे." त्याचा चेहरा एवढा उजळला की त्याला मिठी मारावीशी वाटली. "त्यांची गाडी गुरुवारी असते."

मागून हॉर्न वाजला. ॲम्ब्युलन्स. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "कुठलं हॉस्पिटल झालं हे? वाट द्या, पेशंट आहे आत!"

वाट नव्हतीच. खाटांना खाटा भिडल्या होत्या, आणि मागे घेऊन कुठे ठेवायच्या हे कुणालाच सुचत नव्हतं. इस्त्रीवाला ॲम्ब्युलन्समधून उडी मारून खाली उतरला आणि रडवेला होऊन आत्याकडे बघायला लागला.

"बघतोस काय? आईला इथेच उतरव," आत्या म्हणाली. "पोस्टमास्तर, दांडा धरा. रोज फिरवत होतात ना? हळू. अजून. बस."

म्हातारी आतोबांच्या खाटेवर आली, पालापाचोळ्याएवढी हलकी. खाटेचं एक चाक अडत होतं. तपासनिसाने इकडेतिकडे पाहिलं, फाईल बगलेत मारली आणि तो कोपरा उचलून धरला. पुढे आत्या ओरडत, "सरका, सरका!" बाकीचे खाटा डोक्यावर घेऊन भिंतींना चिकटलेले. अशी आमच्या हॉस्पिटलची पहिली आणि शेवटची पेशंट घरी पोचली.

आत्याने चमच्याने पाणी पाजलं. आम्ही सगळे घशाकडे बघत. पाणी बिनबोभाट उतरलं, ठसका नाही. म्हातारीने डोळे उघडले. डोकं उंच असल्यामुळे समोरचं इस्त्रीचं टेबल तिला स्वच्छ दिसत होतं.

"ही कॉलर कुणी केली?" ती मुलाला म्हणाली. "म्हशीने चघळली का?"

तेव्हा इस्त्रीवाला हमसून रडला.

आता नियम पाळले जातात. गाळ्यात पाच खाटा, आणि थाप उघडी पडल्यावर बाकीच्या पुन्हा घरोघरी, सरकारच्या मर्जीप्रमाणे. पण मधल्या काळात आत्याने एक गोष्ट शिकून घेतली. ती आता तपासणीला निघते, न सांगता. खाट भिंतीला उभी पाहिजे. दांड्याला तेल पाहिजे. शिंप्याला तिने त्याच्याच खर्चाने नवा दांडा जोडायला लावला, आणि तो नीट फिरेना म्हणून दोनदा काढायला लावला. तपासनीस परवा मला म्हणाला, "आमच्या खात्यातसुद्धा इतकं कडक कुणी नाही हो."

पोस्टमास्तरांना साधी, सपाट खाट मिळाली आहे. गेल्या आठवड्यात भर दुपारी आत्या त्यांच्या घरात शिरली. खाट उभीच होती. आत्याने लोखंडावर तळहात ठेवला.

"गरम कशी?"

"ऊन आलं होतं."

"या खोलीत ऊन येत नाही."

पोस्टमास्तरांनी बायकोकडे बघितलं. बायकोने भिंतीकडे बघितलं.

"उद्या पुन्हा येईन," आत्या चपला घालत म्हणाली. "वेळ सांगणार नाही."