पडद्यावरची लंगडी मुलगी

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, लहानपणी पोलिओ झाला आणि तिचा उजवा पाय वाळला. तिच्यासाठी स्थळ कुणी पाहिलंच नाही. आईवडील गेल्यावर भुसावळच्या घरात आम्ही दोघीच उरलो. ती मोटार लावलेल्या मशीनवर ब्लाउज शिवायची, मी जळगावच्या कॉलेजात शिकवायला रोज जाऊन-येऊन करायचे.

कॉलेजात आम्ही अधूनमधून परदेशी सिनेमे दाखवायचो. एकदा हॉल तळमजल्यावर मिळाला, जिने नव्हते, म्हणून अक्कालाही नेलं. सिनेमा जपानी होता. पियानो शिकवणाऱ्या एका बाईसाठी वेडा झालेला माणूस तिच्या घरासमोर तासन्‌तास उभा राहतो, तिच्या मागेमागे फिरतो. त्याच्या घराखालच्या लाँड्रीत एक लंगडी मुलगी काम करते. ती त्याच्या शर्टांना इस्त्री करते आणि त्याचीच वाट बघत राहते. अर्ध्या सिनेमात कळतं, तिनं नदीत जीव दिला. नायक क्षणभर मान खाली घालतो, आणि पुन्हा पियानोवालीच्या मागे.

नंतरच्या चर्चेत मुलं नायकाबद्दल, त्याच्या एकटेपणाबद्दल भरभरून बोलली. त्या मुलीचं नाव कुणी काढलं नाही.

परतताना बसमध्ये अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ती नटी धडधाकट आहे गं. पायऱ्या उतरताना एकदाही मांडीवर हात दाबला नाही तिनं."

"असेल," मी म्हटलं.

"माझ्यासारखी बाई सिनेमात दिसलीच तर भीक मागत असते, नाहीतर देवळात जाऊन बरी होते. ही प्रेम करत होती. मला इतकं बरं वाटलं. आणि लगेच मारून टाकली तिला."

नशिराबाद मागे पडलं. मग ती हळूच म्हणाली, "माझंही तसंच होतं."

बाजारात अस्तर आणि मॅचिंगचं दुकान होतं, तिथला दुकानदार. घरात अस्तर पडलेलं असतानाही अक्का तिथे जायची. त्याचं लग्न झालं, तर तिनं त्याच्या बायकोचे ब्लाउज शिवायला घेतले. माप देताना बायको बोलायची, त्यातून त्याच्या घरातलं कळायचं. त्याला आंबट वरण चालत नाही, तो झोपेत बोलतो, असलं काहीबाही. तेवढ्यावर अक्काचे दिवस जायचे.

"त्याला कधी कळलं नाही?"

"मी गेले की लगबगीनं खुर्ची पुढे करायचा. 'बसा ताई' म्हणायचा." ती हसली, पण डोळे भरून आले होते. "दुसरी कुणी बाई अशी सारखी गेली असती ना, तर कॉलनीभर बोभाटा झाला असता. आईला तर माझा संशयसुद्धा आला नाही. माझा साधा बोभाटाही झाला नाही गं कधी."

मी तिचा हात धरला. भुसावळ येईपर्यंत आम्ही तशाच बसून होतो.

त्याच वर्षी थंडीत न्यूमोनियानं अक्का गेली.

भेटायला माणसं येत होती. दुकानदारही बायकोला घेऊन आला. हात जोडून म्हणाला, "ताईंचा हात फार चांगला होता. आता हिचे ब्लाउज कुणाकडे द्यायचे, हाच प्रश्न आहे." त्याच्या आवाजात खरी हळहळ होती. बायको पदरानं डोळे पुसत होती.

शिंदखेड्याहून आलेली मावशी भिंतीला टेकून बसली होती. ती अहिराणीत म्हणाली, "सुटनी बिचारी. बठ्ठा तरास गया."

सगळा त्रास गेला, हे पटून सगळ्यांनी माना हलवल्या. दुकानदारानंही हलवली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, तिला नुसता त्रासच नव्हता, तिला हवं होतं कुणीतरी, आयुष्यभर. पण ते सांगायचं की नाही हे ठरवणारी अक्का होती, मी नव्हे. मी आत जाऊन त्या दोघांसाठी चहा ठेवला.