गावची बाई आणि हिंदीची सूट

आमच्या घरात कॉलेजच्या हिंदीतून सूट मिळवलेली एकच व्यक्ती होती, आणि तिनं कॉलेजची पायरी कधी चढली नव्हती. ती माझी आई.

आईला जाऊन नऊ दिवस झाले. धाकटी बहीण शोभा म्हणाली, "दादा, तेरवीले आईवर चार ओळी वाचून दाखवजो. तू शिकलेला आहेस." चार ओळींना आधार म्हणून आईची पेटी उघडली, तर लुगड्यांच्या घड्यांखाली ते प्रमाणपत्र निघालं. प्रथम श्रेणी. खरं तर त्यावर नाव माझं असायला हवं होतं.

गोष्ट ऐंशी सालाच्या आसपासची. मी सेलूला बारावीत होतो. वर्ध्याच्या ज्या कॉलेजात मला जायचं होतं, तिथं एक नियम होता. शाळेत असतानाच हिंदी प्रचाराची बाहेरची वरची परीक्षा जो पास होईल, त्याला बी.ए.च्या पहिल्या वर्षी हिंदीचा पेपर माफ! गुण आपोआप जमा! बाबांना हा नियम इतका आवडला की फॉर्म भरायच्या आधीच त्यांनी बाजारात सांगून टाकलं, "आमच्या मधूनं कॉलेजचा एक विषय घरी बसूनच संपवला!" (कॉलेज सुरू व्हायला सहा महिने होते.)

अडचण एकच होती. सेलूत परीक्षेचं केंद्र हवं तर बारा परीक्षार्थी लागत, आणि गावंडे सरांनी गाव पिंजून काढूनही अकराच मिळाले होते. हे सर आमच्या शाळेत हिंदी शिकवायचे आणि केंद्रही तेच चालवायचे. एक दिवस ते घरी आले.

"घरातलं कोणी मोठं माणूसही चालते," सर म्हणाले. "सातवीपर्यंत हिंदीत शिकलेलं असलं म्हणजे झालं."

बाबांनी सावकाश मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. आईचं माहेर मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचं. तिकडे ती सातवीपर्यंत हिंदी शाळेत शिकली होती. हे आम्हा सर्वांना ठाऊक होतं, म्हणजे घरात खलबत्ता आहे हे जसं ठाऊक असतं, तसं.

"मी काऊन व बाई?" आई पिठाच्या हातानं बाहेर आली. "मले काय कॉलेजात जाचं आहे?"

"फक्त नाव, वहिनी. पेपरले बसायचंच नाई!"

आईनं सही केली आणि भाकरी करपेल म्हणून आत गेली.

मी मात्र जोरात तयारीला लागलो. निबंध पाठ करणं ही माझी खासियत. मी इतक्या मोठ्यानं पाठ करायचो की आई चुलीपाशी वैतागायची. "हळू वाच रे बाप्पा! तुह्या आवाजानं भाकर फुगून नाई राह्यली!" मी हसायचो. हिंदी साहित्याची गोडी भाकरी थापणाऱ्या माणसाला काय कळणार! (अठराव्या वर्षी मी अशीच वाक्यं मनात बोलत असे.)

परीक्षेला चार दिवस उरले आणि परीक्षा मंडळाचं पत्र आलं. तपासनीस येणार, डोकी मोजणार. बारापैकी एक जरी कमी भरलं तरी केंद्र रद्द आणि सगळ्यांचेच पेपर बाद! म्हणजे माझी सूट आता आईच्या बसण्यावर टांगलेली होती.

"तू फक्त बस," मी तिला समजावलं. "लिहिता नाही आलं तरी चालते. नाव घाल, नंबर घाल, आणि शांत राह्य."

"बरं," आई म्हणाली. "पेन कोनता नेऊ?"

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये आईचा नंबर अकरावा, माझा बारावा. म्हणजे ती बरोबर माझ्या पुढे! नवं लुगडं नेसून, पिशवीत माझ्यासाठी दशमी घेऊन ती बाकावर बसली, तेव्हा बाकीच्या पोरांत खसखस पिकली. मी मान खाली घातली, ती पेपर हातात आल्यावरच वर केली. एकूण पाच प्रश्न. पहिलाच निबंध, आणि विषय 'समय का सदुपयोग'! हा तर मला पूर्ण पाठ. मी सुटलोच. वेळ ही संपत्ती, वेळ हा प्रवाह, वेळ हा गुरू. पानामागून पान, पुरवणीमागून पुरवणी!

दीड तास झाला तेव्हा आई मागं वळली. तिनं मनगटावर दोन बोटं आपटली. बिचारीला प्रश्न समजला नसणार, असं वाटून मी माझा पेपर हातानं झाकून घेतला. थोड्या वेळानं ती पुन्हा वळली, पुन्हा मनगट. मी पेपरावर कोपरसुद्धा ठेवलं. तिसऱ्यांदा ती वळली तेव्हा तपासनीस येऊन पोहोचले.

"पीछे मत देखिए, बाई! क्या पूछ रही हैं?"

"पूछ नहीं रही, बता रही हूँ," आई शांतपणे म्हणाली.

तपासनीस माझ्याकडे वळले. "तुम इन्हें जानते हो?"

सगळा हॉल माझ्याकडे पाहत होता. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "जी... गाँव की हैं."

आई पुढं वळली. पुन्हा मागं म्हणून तिनं पाहिलं नाही. अर्धा तास बाकी असताना पेपर देऊन, दशमी माझ्या बाकावर ठेवून ती निघून गेली. गाईच्या धारेची वेळ झाली होती. घंटा वाजली तेव्हा वेळेच्या सदुपयोगावर माझी चौदा पानं लिहून झाली होती. बाकीचे चार प्रश्न तसेच होते.

पण निबंध असा उतरला होता की पास करतीलच, अशी माझी खात्री. जुलैत कॉलेजात गेल्यावर मी हिंदीच्या सरांना ऐटीत सांगितलं, "सर, मी तासाला येणार नाही. माझी सूट येऊन राह्यली." आणि हिंदीच्या प्रत्येक तासाला वाचनालयात बसून कादंबऱ्या वाचल्या.

निकाल आला तो पोळ्याच्या आदल्या दिवशी. गावंडे सर पाकीट हलवतच आले. "पास! प्रथम श्रेणी! केंद्रात पहिला नंबर!"

बाबांनी पुढचं काही ऐकलंच नाही. ते तसेच उठले, पेढे आणले आणि गल्लीत घरोघर वाटून आले. परत आल्यावर एक पेढा त्यांनी सरांच्या तोंडात घातला. सरांनी तो गिळला आणि म्हणाले, "आता वहिनींना बोलवा."

"तिले कायले?"

"पहिला नंबर त्यांचाच आहे."

"आणि मधू?"

सरांनी दुसरा पेढा उचलला. "निबंधात वीसपैकी अठरा."

"बाकीच्यात?"

"बाकीचं तपासणाऱ्याले सापडलं नाई."

आई दारात उभी होती. तिनं प्रमाणपत्र पदराला हात पुसून घेतलं, एकदा वाचलं आणि म्हणाली, "निबंध मी दीडच पान लिहिला होता. समय होताच किती!"

तोवर गल्लीतले लोक माझं अभिनंदन करायला येऊ लागले होते. बाबा प्रत्येकाला सांगत होते, "पेढे माघारी नाई घेत. माणूस बदललं, एवढंच!"

कॉलेजात मी हिंदीच्या सरांपुढं उभा राहिलो. "आली का तुमची सूट?" त्यांनी विचारलं.

"आली, सर. आमच्या घरी आली. मला नाही आली."

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मग उद्यापासून तुमच्या आईला सूट, आणि तुम्ही पहिल्या बाकावर."

दोन महिन्यांचं हिंदी बुडालेलं. शेवटी वही घेऊन आईपुढं बसलो. ती तांदूळ निवडत होती.

"आई, हा धडा सांगतं का?"

"मी कोन सांगनारी?" तिनं एक खडा बाजूला टाकला. "मी त गावची बाई!"

मग तिनं सुपासमोरची जागा हातानं झाडली. "बस. आन् पह्यले घड्याळ घेऊन ये."

पुढं ती कोणालाही माझी ओळख करून द्यायची, ती अशीच: "हा मधू. आमच्या गावचाच आहे." मी वर्ध्याला नोकरीला लागलो, माझे केस पिकले, तरी यात फरक पडला नाही. गेल्या महिन्यात दवाखान्यात नर्सनं तिला विचारलं, "आजी, हे कोण?" तर आवाज उरला नव्हता, तरी उत्तर तेच! नर्स मला बाहेर पाठवायला निघाली. या वेळी मी मोठ्यानं सांगितलं, "मी मुलगा आहे यांचा." आईनं मान हलवली. चाळीस वर्षं उशीर झाला होता, पण गुण दिले असावेत.

आत्ताच शोभा दारात येऊन गेली. "दादा, झाल्या का चार ओळी? आचाऱ्याले सांगितलं? मंडपवाल्याले? पांढुर्ण्याच्या मामाले कळवलं?"

मी मान वर न करता म्हणालो, "थांब, निबंध चांगला उतरून राह्यला आहे."

खाडाखोडीसकट चौदावं पान चालू आहे. बाकीच्या प्रश्नांना अजून हात लावलेला नाही.