मावशींची हिरवी रेघ

आमच्या मानसिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर एक मोठा स्क्रीन आहे. कोणाचे किती पेशंट सुधारले, किती रखडले, सगळं तिथे झळकतं. माझं नाव कायम लाल. मी माणसांपाशी फार वेळ बसते, हा माझा गुन्हा.

"मेट, तुझ्या इंडियन लेडीचे स्कोअर सुपर्ब आहेत," टीम लीडर म्हणाली. "धिस आर्वो, आज दुपारीच केस क्लोज कर."

रेघ खरंच हिरवी होती, चढती होती. तरी मला त्या रेघेचा राग आला. स्कोअर फोनवरच्या प्रश्नांतून येतात; ते विचारणारी बाई वेगळी आणि त्या लेडीला, म्हणजे आमच्या मावशींना, इंग्रजी येत नाही. त्यांचा मुलगा दुभाष्या होतो, तेवढाच इंटरप्रीटरचा वेळ वाचतो. निरोप घ्यायला म्हणून मी वेरिबी या उपनगरात त्यांच्या घरी गेले.

मावशी शांत होत्या. गेलेल्या नवऱ्याच्या आठवणीने एरवी डोळ्यांतलं पाणी खळत नसे, आज हसत होत्या. मी उठले तशी आत गेल्या. लेकीला रिकाम्या हाताने पाठवू नये म्हणून दरवेळी मला लाडवांचा डबा देत. आज त्यांनी स्वतःच्या लग्नातला शालू माझ्या हातात ठेवला.

"अहो मावशी, हे काय!"

"घे गं. मला आता कशाला लागतोय?"

आधी मला भरून आलं. मग मी आजूबाजूला पाहिलं. आवरून ठेवल्यासारखं घर, ते हसू, हा शालू. मुलगा दारात उभा होता. त्याला बाजूला घेऊन विचारलं, "फोनवरचे सगळे प्रश्न तू आईला सांगतोस ना?"

"सगळे नाही, ताई." त्याने मान खाली घातली. "तो एक... मरावंसं वाटतं का, म्हणून. आईला कसं विचारणार? मीच 'नो' सांगतो."

मला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, माझ्या आईला मी तरी विचारलं असतं का? परत जाऊन मावशींसमोर बसले.

"मावशी, जीव द्यावा असं मनात येतं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "आधी त्याला बाहेर पाठव."

मुलगा बाहेर गेला नाही. येऊन त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "बोल आई. मी ऐकतोय."