चिंगीचे ठोके आणि ताईची शिट्टी

माझ्या थोरल्या बहिणीचा राग नाकावर नसतो, शिट्टीत असतो. पोहण्याच्या तलावावर ती लहान मुलांना शिकवते. तिने शिट्टी फुंकली की पाण्यातली मुलं सोडाच, काठावरचे बापही पोट आत घेऊन उभे राहतात. गोड बोलणं तिला जमत नाही. तरी तिच्या वर्गात जागा मिळावी म्हणून आया ओळखी काढत येतात. मला ताईचा अभिमान आहे, आणि तो मी चारचौघांत मिरवते.

तिची शिकवायची तऱ्हाच वेगळी. मुलाने पोहत येऊन भिंतीला हात लावला की तिला एक विनोद सांगायचा. तो धाप न लागता पुरा झाला तर पुढची फेरी, मध्येच श्वास तुटला तर काठ धरून विसावा. "दमलास का विचारलं तर सगळे नाही म्हणतात," ताई सांगते, "पण विनोद सांगताना दम लपवता येत नाही." विनोद मात्र एकाहून एक टुकार. हत्ती पाण्यात का पडला, तर पाय घसरला म्हणून! असले विनोद रोज ऐकूनही तिच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. मी असते तर पहिल्याच आठवड्यात पळून गेले असते.

माझी लेक चिंगी तान्ही असताना तिच्या हृदयातलं छिद्र ऑपरेशन करून बुजवलं. डॉक्टर म्हणाले, आता ही इतर मुलांसारखीच. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आम्ही तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. जिना आला की कडेवर घ्यायचं, शाळेत खेळाचा तास आला की बाकावर बसवायचं. चांगली घोडी झाली तरी एक मजला चढताना तिला धाप लागायची, आणि ती धाप बघून आम्ही तिला आणखी जपायचो.

शेवटी ताईने मला फैलावर घेतलं. "हृदय कधीच बरं झालंय तिचं. आता धाप लागते ती तुझ्या लाडांमुळे!"

मी फणकारले, पण डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासण्या केल्या आणि म्हणाले, खुशाल पोहू दे. जोर हळूहळू वाढवायचा, चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर तिथेच थांबायचं. ताईने त्यांचा शब्द न् शब्द पाठ केला.

बाबांना हे मुळीच पसंत नव्हतं. बाबांचं आयुष्य पंप दुरुस्त करण्यात गेलं, तेही याच तलावाच्या पंपखोलीत. जगातल्या यच्चयावत गोष्टी ते पंपावरून समजून घेतात. "पंप जितका चालवाल तितका झिजतो," ते म्हणाले. "आणि हिचा तर जोड मारलेला."

"बाबा, हृदय म्हणजे लोखंड नाही, स्नायू आहे. कामानेच बळकट होतं," ताई म्हणाली.

"तू मला पंप शिकवू नकोस."

ताईने शिकवलं नाही. ती चिंगीला घेऊन पाण्यात उतरली. आधी काठ धरून पाय मारणं, मग अर्धी फेरी, मग पुरी. सुरुवातीला हत्ती पाण्यात पडायच्या आधीच चिंगीचा श्वास संपायचा. पुढे तिचे विनोद लांबत गेले, आणि एक दिवस पोरगी गाणं म्हणत जिना चढून वर आली. मी दारातच रडले.

अशीच एकदा दुपारी चिंगी झोपली होती. बाबांनी सवयीने तिच्या मनगटावर बोटं ठेवली. चालत्या मोटरवरही ते असाच हात ठेवायचे. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ताबडतोब ताईला बोलावून घेतलं. ती ओल्या केसांनीच धावत आली.

"आधी कशी टकटक पळायची हिची नाडी! आता बघ किती मंद झालीय. मरायला टेकलेला पंप मी ओळखतो. पोरीचं काळीज झिजवलंस तू."

एरवी माझी बहीण कुणाचं ऐकून घेत नाही. या वेळी तिने स्वतः चिंगीची नाडी बघितली, आणि म्हणाली, "उद्या सकाळी डॉक्टर."

दवाखान्यात बाबाही सोबत आले. बाकावर ताई मला हळूच म्हणाली, "काही बिघडलं असेल ना, तर मी पुन्हा एकाही मुलाला पाण्यात उतरवणार नाही." तोंडातून गेलेला शब्द ताई मागे घेत नाही.

आधी हृदयाचा इको झाला. मग अंगाला तारा चिकटवून चिंगीला ट्रेडमिलवर उभं केलं. पट्टा सरकायला लागला, मग वेग वाढला, मग चढ. चिंगी पळत होती. मी माझ्या लेकीला जीव खाऊन पळताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. गाल लालबुंद, वेणी सुटलेली, आणि थांबवायला आलेल्या नर्सबाईंना ती विचारत होती, "अजून थोडं पळू?"

डॉक्टर आधी बाबांकडे वळले. "आजोबा, घेऊन आलात ते योग्यच केलंत. ऑपरेशन झालेल्या मुलांची नाडी मंदावली तर कधी वेगळं कारणही असतं, तपासावंच लागतं. हिच्यात तसं काही नाही. व्यायामाने हिचं हृदय आता जास्त भरतं आणि एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. म्हणून बसल्या जागी कमी ठोक्यांत भागतं. पळताना हवे तेवढे वाढतात, ते तुम्ही आत्ताच पाहिलंत."

डॉक्टरांनी इकोचं चित्रण पडद्यावर लावलं. बाबा उघडमिट करणारं ते हृदय बघत राहिले. "असला पंप माझ्या हाताखालून कधी गेला नाही," ते म्हणाले. ताईने तोंड फिरवलं. तिचे डोळे भरले होते, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

बाहेर बाकावर एक बाई लेकीला मांडीवर घट्ट धरून बसली होती. काचेतून तिने चिंगीचं पळणं पाहिलं होतं. "हिचंही ऑपरेशन झालंय का हो?" तिने भीतभीत विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत बाबा पुढे झाले. "तर! आणि पळते बघा कशी. माझ्या मुलीने तयार केलंय तिला. ही काय, हीच माझी मुलगी. डॉक्टरांना विचारा आणि सोमवारी लेकीला घेऊन या."

"बाबा," ताई कुजबुजली, "वर्गात जागा नाहीये."

"मग जागा कर," बाबा म्हणाले.