जुन्या पियानोचं पेडल

नगरला आमच्या चर्चमध्ये एक फार जुना पियानो होता, कुणा मिशनरी कुटुंबाने बोटीतून आणलेला. त्याची आतली चौकट लाकडी होती आणि तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवर चामडं होतं. सूर उमटायचा आणि लगेच विरायचा. चर्चमध्ये गीतांना साथ करणाऱ्या बाई मला त्याच्यावर शिकवायच्या.

परीक्षेसाठी एका जर्मन संगीतकाराची रचना नेमली होती. सूर लांबवणारं पायाचं पेडल सुरुवातीपासून दाबून ठेवा, असं तिच्यावर छापलेलं. बाई म्हणायच्या, लिहिणाऱ्यापुढे असलाच पियानो असणार, तेव्हा त्याचं ऐकायचं. आमच्या पियानोवर ते सूर एकमेकांत हलके मिसळायचे.

पुण्याला परीक्षेत मात्र पुढ्यात आला भलामोठा नवा पियानो, लोखंडी चौकटीचा. शिकवल्याप्रमाणे मी पेडल दाबलं. पहिल्याच ओळीत सुरांवर सूर चढायला लागले. पाय ठेवला तर सगळा चिखल, उचलला तर रचना कोरडी ठणठणीत. काय करावं कळेना. तशीच शेवटपर्यंत वाजवत गेले. असं पेडल कुणी शिकवलं, असं परीक्षकांनी शांतपणे विचारलं.

परत आल्यावर बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिथं पेडल अर्धंच दाबून बघायला हवं होतं. सूर इथल्यासारखा यायला हवा, पाय कसा का असेना. पण पोरी, मोठा पियानो मी तरी कुठं वाजवलाय?"

पुन्हा परीक्षेला बसायचं ठरलं. तोवर इथला सूर कानात पक्का करायचा होता. पण ते दुष्काळाचं वर्ष होतं. लाकूड सुकू नये म्हणून बाई पियानोखाली पाण्याची बादली ठेवायच्या. उन्हाळ्यात विहिरी आटल्या, टँकरपुढे भांडणं व्हायला लागली. एका सकाळी बाईंनी स्वतःच बादली उचलली आणि चर्चच्या राखणदाराच्या घरी नेऊन दिली.

मे महिन्यात तारांखालची, सूर घुमवणारी फळी उभी तडकली. खालचे सूर पत्रा वाजावा तसे खरखरायला लागले. पुण्याहून आलेल्या ट्यूनरने आत हात फिरवून पाहिला आणि अशी फळी आता कुणी बनवत नाही, असं सांगून तो दुपारच्या एसटीने गेला.

पुढे मोठ्या पियानोंवर खूप वाजवलं. ती रचना आली की पेडल अर्धं दाबते, हात हलका ठेवते. कधीकधी वाटतं, जमलं. पण तो सूर त्या जुन्या पियानोसारखाच आहे का, हे विचारायला बाई नाहीत, आणि माझ्या कानांवर माझा भरवसा नाही.